जुनी भिंत आणि शेजारचा खड्डा

तुमच्या गावात एखादे जुने देऊळ, वाडा, वेस किंवा इंग्रजांच्या काळातली दगडी शाळा असेलच. समजा, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेला पत्र्याचे कुंपण पडले, नव्या इमारतीची पाटी लागली आणि खोदाई सुरू झाली. मोटारी ठेवण्यासाठी जमिनीखाली दोन मजले हवेत, म्हणून खड्डा सात-आठ मीटर खोल. जुन्या इमारतीला कोणी हातही लावलेला नाही. तिची एक वीटसुद्धा हललेली नाही. तरी तीन महिन्यांनी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर गेलेली एक भेग दिसू लागते. गावातले लोक म्हणतात, "खोदाईमुळे भिंत फाटली." बांधकाम करणारा म्हणतो, "ती भेग जुनीच आहे, तुमचे लक्ष आत्ता गेले." खरे कोण बोलतो?

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा देताच येत नाही. खड्ड्याशेजारच्या जमिनीचे काय होते हे शास्त्राला चांगले ठाऊक आहे. अडचण वेगळीच असते. पहिली पहार पडण्यापूर्वी त्या भिंतीवर कोणी काही मोजून ठेवलेले नसते! ऐतिहासिक इमारतींच्या रक्षणाविषयी बोलताना आपण कायदा, न्यायालय, सभा, निषेध यांविषयी पुष्कळ ऐकतो. मिलिमीटरांविषयी फारसे ऐकत नाही. ती उणीव या लेखात थोडी भरून काढू.

जमीन म्हणजे नक्की काय?

पायाखालची जमीन आपल्याला घट्ट वाटते. प्रत्यक्षात ती कणांचा ढीग असते, आणि कणांमधल्या पोकळ्यांत पाणी किंवा हवा असते. या ढिगात खड्डा खणला की खड्ड्याच्या भिंतीमागची माती, तिला बाजूने मिळणारा आधार गेल्यामुळे, किंचित आत सरकते. खड्ड्याला काँक्रीटची भिंत घातली, आडवे टेकू दिले, तरी काही मिलिमीटर ती सरकतेच. मागची माती पुढे आली की तिच्या जागी वरची माती उतरते आणि जमिनीचा पृष्ठभाग खाली जातो.

बोगद्याचेही तसेच. हिशेबच करून पाहू. ६ मीटर व्यासाचा बोगदा २० मीटर खोलीवर खणायचा आहे. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. यंत्र कितीही चांगले असले तरी ठरलेल्या आकारापेक्षा थोडी जास्त माती निघतेच. ती १ टक्का धरा. म्हणजे बोगद्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ०.२८ घनमीटर माती जास्त गेली. ही पोकळी बोगद्याशी राहत नाही. चिकण मातीत ती वर सरकत सरकत पृष्ठभागावर एका रुंद, उथळ बशीच्या रूपाने उमटते. या खोलीसाठी बशीची रुंदी पन्नास-साठ मीटर भरते आणि मध्यभागी तिची खोली येते सुमारे ११ मिलिमीटर. रस्त्याने चालणाऱ्याला काही कळणार नाही. त्या बशीच्या उतारावर उभ्या असलेल्या घराला मात्र कळते.

आता पाण्याचा भाग, आणि तो अधिक मजेदार आहे. एक किलो कोरडी वाळू कापडी पुरचुंडीत बांधा, ताणकाट्याला टांगा आणि पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा. वाळू नीट भिजून हवेचे बुडबुडे निघून गेले की काटा ६२० ग्रॅमच्या आसपास थांबेल. आर्किमिडीजने सांगितलेली उद्धारक शक्ती बाकीचे वजन पेलते. भूजलाच्या पातळीखालची माती अशीच 'हलकी' होऊन बसलेली असते. शेजारच्या खड्ड्यात पाणी साचते म्हणून तिथे रात्रंदिवस पंप लावला, की आजूबाजूची भूजलाची पातळी उतरते, उद्धारक शक्ती जाते आणि तीच माती खालच्या थरांवर जड होऊन बसते. थर दाबले जातात. कोणी काही बांधले नाही, कोणी काही पाडले नाही. फक्त पाणी उपसले, आणि शेजारचे घर खचले.

हे दाबले जाणे वाळूत चटकन होते, चिकण मातीत फार सावकाश. का, ते तुमच्या स्वयंपाकघरात दिसेल. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. पाणी थेंब थेंब गळत राहते आणि चक्का व्हायला रात्र जाते. चिकण मातीतल्या पोकळ्या इतक्या बारीक असतात की तिच्यातून पाणी बाहेर पडायला महिने, कधी कधी वर्षे लागतात. कार्ल टर्झागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात या क्रियेचे गणित मांडले आणि मृदायांत्रिकी हे शास्त्र उभे राहिले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की काम संपले, कंत्राटदार निघून गेला, तरी जमिनीची हालचाल संपलेली नसते.

खचणे आणि वाकडे खचणे

मग इमारत किती खचली म्हणजे धोका? हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. मेक्सिको शहरातले ललित कलांचे प्रासादतुल्य नाट्यगृह मऊ मातीत काही मीटर खाली गेले आहे. आपण 'मीटर' म्हणतो आहोत, मिलिमीटर नव्हे! तरी ते उभे आहे. सगळा पाया जवळजवळ सारखा खाली गेला तर भिंतींना विशेष काही होत नाही. नळ आणि गटारे तेवढी तुटतात, पायऱ्या बदलाव्या लागतात. भिंत फाटते ती एक टोक जास्त आणि दुसरे कमी खचले तर.

१९५६ मध्ये स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या दोघांनी कितीतरी इमारतींच्या नोंदी तपासून एक साधा आकडा काढला. दोन खांबांच्या खचण्यातला फरक त्यांच्यामधल्या अंतराच्या तीनशेव्या भागाइतका झाला की भिंतींना तडे जाऊ लागतात. खांब ६ मीटरवर असतील तर हा फरक अवघा २० मिलिमीटर. सावधगिरी म्हणून पाचशेवा भाग ही मर्यादा धरली, तर १२ मिलिमीटर.

दगड-विटांच्या भिंतीला दाब चालतो, ताण चालत नाही. साध्या वीटकामात लांबीच्या सुमारे ०.०५ टक्के ताण पडला की डोळ्यांना दिसेल अशी भेग उमटते. एक मीटर भिंत अर्धा मिलिमीटर ओढली गेली, एवढेच. जुन्या चुन्याच्या बांधकामाला मात्र एक देणगी आहे. चुना थोडा थोडा सरकून घेतो, आणि केसासारख्या बारीक भेगांत पाण्याबरोबर विरघळून पुन्हा साठत त्या बुजवतोही. याच भिंतीची दुरुस्ती कोणी उत्साहाने सिमेंटने केली, की ती देणगी गेली. सिमेंट हटत नाही, मग दगड फुटतो. जुन्या देवळांच्या दर्जा सिमेंटने भरलेल्या दिसल्या की मला वाईट वाटते ते या कारणाने. दिसण्याचा भाग वेगळाच.

बिग बेनच्या पायाखाली

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सविस्तर पाहू. लंडनच्या पार्लमेंटशेजारचा घड्याळाचा मनोरा आपण चित्रांत पाहिलेला असतो. सगळे त्याला बिग बेन म्हणतात. खरे तर ते आतल्या मोठ्या घंटेचे नाव; मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. १८५९ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा ९६ मीटर उंच आणि सुमारे साडेआठ हजार टन वजनाचा आहे. पाया म्हणजे १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर जाड असा काँक्रीटचा ठोकळा. भागाकार करा: प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ ३८ टन! खाली थोडी वाळू-खडी आणि त्याखाली लंडनची प्रसिद्ध चिकण माती.

१९९०च्या दशकात लंडनच्या भुयारी रेल्वेची ज्युबिली नावाची मार्गिका वाढवायचे ठरले. वेस्टमिन्स्टरचे नवे स्थानक मनोऱ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे यायचे होते. त्यासाठीचा खड्डा सुमारे ३९ मीटर खोल, आणि मनोऱ्यापासून अंतर जेमतेम ३४ मीटर. खड्ड्याइतकेसुद्धा अंतर नाही! शिवाय रेल्वेचे दोन बोगदे. नेहमी असे बोगदे शेजारी शेजारी खणतात. इथे मनोऱ्यापासून होईल तितके दूर राहावे म्हणून ते एकावर एक घेतले. आजही त्या स्थानकात एका दिशेचा फलाट दुसऱ्या दिशेच्या फलाटाच्या खाली आहे.

तरी गणित सांगत होते की मनोरा खड्ड्याच्या बाजूला कलणार. काही उपाय केला नाही तर घड्याळाच्या तबकड्यांच्या उंचीवर, म्हणजे ५५ मीटरवर, तो दहा सेंटीमीटरांहून अधिक सरकेल असा अंदाज होता. मनोरा एवढ्याने पडला नसता. पण तो पार्लमेंटच्या लांबलचक इमारतीला चिकटून उभा आहे. मनोरा कलला आणि इमारत जागच्या जागी राहिली, तर जोडाच्या ठिकाणी भिंती फाटल्या असत्या.

या कामावर सल्लागार म्हणून होते इंपीरियल कॉलेजचे प्राध्यापक जॉन बर्लंड. त्यांना ही जमीन नवी नव्हती. १९७२ ते १९७४ या काळात पार्लमेंटच्याच आवारात जमिनीखाली वाहनतळ बांधला गेला, तेव्हाही जमिनीच्या हालचालीचे अंदाज आणि मोजणी यांत त्यांचा भाग होता. तो खड्डा तर अकराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर हॉलपासून अगदी थोड्या अंतरावर होता. तेव्हाच्या नोंदी वीस वर्षांनी कामाला आल्या. मोजून ठेवलेला आकडा असा उपयोगी पडतो.

उपाय काय केला, पाहा. मनोऱ्याजवळ एक उभी विहीर खणली. तिच्या तळातून मनोऱ्याच्या पायाखाली, चिकण मातीत, हाताच्या बोटांसारख्या फाकणाऱ्या आडव्या लांब नळ्या घातल्या. काही पन्नास मीटरपर्यंत लांब. प्रत्येक नळीला ठरावीक अंतरावर भोके, आणि भोकांवर रबरी पट्टा. आतून दाबाने सिमेंटचा पातळ राळा सोडला की पट्टा फुगतो, राळा बाहेर मातीत शिरतो. दाब काढला की पट्टा भोक मिटवतो. सायकलच्या ट्यूबला जुन्या पद्धतीची झडप असते ना, तिच्यातल्या रबरी नळीसारखेच हे. त्यामुळे त्याच भोकातून हवा तेव्हा पुन्हा राळा सोडता येतो. खणल्यामुळे जेवढी माती गेली तेवढी जागा पायाच्या बरोबर त्या बाजूखाली भरून द्यायची, अशी ही युक्ती.

पण किती भरायचे आणि केव्हा? जास्त भरले तर मनोरा उलटीकडे कलेल. म्हणून आधी मोजणी. गवंडी भिंत सरळ आहे का हे ज्या ओळंब्याने पाहतो, त्याच तत्त्वाचा ओळंबा मनोऱ्याच्या आत होता. फक्त त्याचे वाचन यंत्राने घेतले जात होते. काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून नोंदी घेतल्या गेल्या, आणि त्यांतून एक गंमत दिसली. मनोरा मुळातच स्थिर नव्हता. उन्हाने एक बाजू तापली की तो दिवसात काही मिलिमीटर एकीकडे झुके आणि रात्री परत येई. ऋतूप्रमाणे तर आणखी. हे आधी माहीत नसते तर पहिल्याच उन्हाच्या दिवशी लोकांनी खोदाई थांबवली असती, किंवा पुढे खरे कलणे सुरू झाल्यावर 'उन्हामुळे असेल' म्हणून दुर्लक्ष केले असते.

१९९६ आणि १९९७ या दोन वर्षांत वीस-बावीस वेळा राळा सोडला गेला. थोडी खोदाई, मोजणी, मनोरा ठरलेल्या मर्यादेकडे सरकू लागला की थोडा राळा, पुन्हा मोजणी. हालचाल तीन-साडेतीन सेंटीमीटरांच्या आत ठेवता आली. खोदाई संपल्यावरही चक्क्यातून पाणी गळावे तशी माती कित्येक वर्षे सावकाश बसत राहिली, आणि मोजणी चालूच राहिली. आज मनोरा ५५ मीटर उंचीवर सुमारे २३० मिलिमीटर कललेला आहे, म्हणजे २४० मध्ये १. यातला बराचसा कल मेट्रोच्या कितीतरी आधीचा. याच बर्लंडांनी पिसाच्या मनोऱ्यासाठीच्या समितीतही काम केले. तिथे युक्ती बरोबर उलटी होती. १९९९ ते २००१ या काळात मनोऱ्याच्या उंच राहिलेल्या बाजूखालून थोडी थोडी माती काढून घेऊन त्याचा कल कमी केला.

शंभर मीटरची रेषा

आपल्याकडे काय आहे? १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनुसार, राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रत्येक संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. ती देण्या-न देण्याविषयी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण शिफारस करते. देशात अशी स्मारके सुमारे ३,७०० आहेत. मुंबईसारख्या शहराने १९९५ पासून आपल्या वारसा इमारतींची श्रेणीवार यादीही केली आहे.

ही रेषा हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती नसती तर कित्येक किल्ल्यांच्या तटाला टेकून घरे उठली असती. पण जमिनीला ही रेषा दिसत नाही. कोलकात्याचे उदाहरण पाहा. तिथल्या पूर्व-पश्चिम मेट्रोचे बोगदे हुगळी नदीखालून शहराच्या जुन्या भागात येतात. वाटेत बेथ एल आणि मागेन डेव्हिड ही यहुदी प्रार्थनामंदिरे आणि १८३३ ची करन्सी बिल्डिंग, अशी तीन संरक्षित स्मारके मार्गापासून १०० मीटरांच्या आत पडत होती. म्हणून प्राधिकरणाची परवानगी लागली, तज्ज्ञांचे अभ्यास झाले, मोजणीची उपकरणे बसली, आणि २०१७ मध्ये यंत्रे त्या इमारतींजवळून निर्विघ्न पुढे गेली.

त्याच मार्गावर पुढे बोबाजार लागतो. इथली घरे जुनी, दाटीवाटीची, बरीचशी सोनारांच्या पेढ्यांची. पण कायद्याच्या अर्थाने ती राष्ट्रीय स्मारके नव्हेत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी इथे बोगदा खणणारे यंत्र पाण्याने भरलेल्या थरात शिरले आणि पाणी व गाळ बोगद्यात घुसू लागले. पाणी एकटे वाहत नाही. बारीक वाळूचे कण बरोबर ओढून आणते. ओल्या वाळूच्या बादलीला बुडाशी भोक पाडून पाहा, वर मध्येच कसा खळगा पडतो ते दिसेल. बोबाजारला त्या खळग्यावर माणसांची घरे होती. अनेक घरे कोसळली किंवा पाडावी लागली, शेकडो लोकांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. २०२२ मध्ये त्याच भागात घरांना पुन्हा तडे गेले.

सोनाराच्या ज्या घरात चार पिढ्या नांदल्या, त्याचे मोल स्मारकाहून कमी आहे का, हा प्रश्न तुम्ही वर्गात चर्चेला घ्या. भौतिकीपुरते बोलायचे तर दोन्ही ठिकाणी लागणारी काळजी एकच आहे. जमिनीखाली कोणता थर आहे हे आधी भोके पाडून तपासणे, आणि वरच्या भिंती किती हलतात हे सतत मोजणे.

हादऱ्याचा हिशेब

मुंबईची जमीन निराळी. भराव टाकून केलेला भाग सोडला तर खाली काळा खडक आहे. खडक खचत नाही, पण तो फोडावा लागतो, आणि फोडताना हादरे बसतात. मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, ३३.५ किलोमीटरची, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. २००४ पासून जागतिक वारसा असलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट या साऱ्या परिसराखालून ती जाते. दादाभाई नौरोजी रस्त्यावर जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची १८९८ ची सुंदर गॉथिक धाटणीची इमारत आहे. तिच्या जीर्णोद्धाराला २०१५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. २०१७ मध्ये, मेट्रोचे काम चालू असताना, या इमारतीच्या वरच्या भागातील नक्षीदार दगडाचा एक तुकडा पडला. विश्वस्तांचे म्हणणे हादऱ्यांमुळे. मेट्रोच्या बाजूला ते मान्य नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, काही काळ तिथले काम थांबले, तज्ज्ञांच्या देखरेखीची व्यवस्था झाली आणि मग काम पुढे गेले.

हादरा मोजतात कसा? जमिनीचा कण जागच्या जागी किती वेगाने हलतो, त्या कमाल वेगाने. एकक मिलिमीटर प्रति सेकंद. जर्मन मानकानुसार जपणूक करण्याजोग्या जुन्या इमारतीच्या पायाशी, सेकंदाला १० पर्यंत आवर्तने असतील तर ही मर्यादा ३. साध्या राहत्या घरासाठी ५, कारखान्याच्या इमारतीसाठी २०. आपल्या खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ मध्ये सुरुंगांसाठी घालून दिलेली मर्यादा ऐतिहासिक वास्तूंच्या बाबतीत, सेकंदाला ८ पेक्षा कमी आवर्तनांसाठी, २ आहे. २५ पेक्षा जास्त आवर्तने असली तर १०.

सावकाश हादऱ्याला कमी सूट आणि जलद हादऱ्याला जास्त, असे का? झोका आठवा. त्याच्या स्वतःच्या तालाने ढकलला तर तो चढत जातो. भराभर लहान धक्के दिले तर जागच्या जागी थरथरतो. इमारतींचा स्वतःचा ताल सेकंदाला काही थोड्या आवर्तनांचा असतो, म्हणून सावकाश हादरा तिला अनुनादाने जास्त हलवतो.

मर्यादेवरचा हादरा म्हणजे प्रत्यक्षात किती हालचाल? सेकंदाला १० आवर्तने आणि कमाल वेग ३ मिलिमीटर असेल, तर ३ ला ६.२८ गुणिले १० ने भागा. उत्तर ०.०४८ मिलिमीटर: एखाद्या बारीक केसाच्या जाडीएवढी! आणि आपल्या शरीराला ०.३ मिलिमीटर प्रति सेकंद एवढा हादरासुद्धा चांगला जाणवतो. म्हणजे इमारतीला इजा होण्याच्या दहापट आधीच माणूस घाबरून बाहेर येतो. उलट, महिन्याला दोन मिलिमीटर खचणाऱ्या भिंतीत तो निर्धास्त झोपतो. धोक्याच्या बाबतीत आपल्या शरीराची साक्ष दोन्हीकडून कुचकामी आहे.

मग हादरा मर्यादेत असतानाही जुन्या इमारतीचा दगड पडू शकतो का? पडू शकतो. जुन्या दगडी इमारतींत दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि दगडाला आतून पाचर मारल्यासारखा फोडतो. असा तुकडा दहा वर्षांनी आपोआप पडणार असेल, तर हादऱ्याने तो आज पडतो. मग दोष कोणाचा? काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक दगड तपासून, भेगांची छायाचित्रे आणि मापे दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी ठेवली असतील, तरच याचे उत्तर मिळते. माझे मत विचाराल तर ही मापे आणि पुढची रोजची वाचने बांधकाम करणाऱ्याच्या कपाटात राहू नयेत. कुंपणावर फळा लावून लिहावीत. क्रिकेटचा धावफलक लावतात, तसा हाही लावता येईल.

वर्नियर घेऊन भेगेपाशी

हे काम तुम्हालाही थोडे करता येईल. संरक्षित स्मारकावर मात्र काही ठोकू किंवा चिकटवू नका. तो गुन्हा आहे. शाळेच्या किंवा घराच्या भिंतीवरची एखादी भेग परवानगी घेऊन निवडा. पूर्वी गवंडी भेगेवर काचेची पट्टी चिकटवत. भिंत हलली की काच तडके. पण किती हलली आणि कोणीकडे, हे काच सांगत नाही. त्याऐवजी भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, असे तीन लहान स्क्रू त्रिकोणात, भिंतीत पक्के बसवा. प्रयोगशाळेतल्या वर्नियर कॅलिपरने त्रिकोणाच्या तीनही बाजू मोजा. एकाच बाजूचे दोन स्क्रू आहेत त्यांच्यातले अंतर बदलता कामा नये. ते बदललेले दिसले तर तुमच्या मोजण्यात चूक आहे असे समजा. उरलेल्या दोन बाजूंवरून भेग रुंदावली की भिंत वर-खाली सरकली, ते काढता येते. त्रिकोणमिती पुस्तकातच आहे.

वाचन आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळी घ्या. वहीत तारीख, वेळ, तापमान आणि पाऊस लिहा. प्रत्येक अंतर तीनदा मोजून सरासरी काढा. भेगेची रुंदी १ मिलिमीटरच्या आत असेल तर ती रंगकामात बुजण्यासारखी. ५ पर्यंत किरकोळ दुरुस्तीची. १५ च्या पुढे गेली तर मोजत बसू नका, अभियंत्याला बोलवा.

हादऱ्यासाठी मोबाइल फोन चालेल. त्यातला त्वरणमापक दाखवणारी उपयोजने फुकट मिळतात. फोन जमिनीवर, भिंतीच्या पायाशी, घट्ट टेकवून ठेवा. वरचे उदाहरण घेतले, तर वेगाला ६.२८ गुणिले १० ने गुणून त्वरण सुमारे ०.१९ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद येते, म्हणजे गुरुत्व त्वरणाचा पन्नासावा भाग; फोनला तो कळतो. शेजारून मालमोटार जाते तेव्हा किती येते ते पाहा. बहुतेक वेळा याच्या फार खाली असेल.

निदान एक पूर्ण वर्ष वाचने घेऊन आलेख काढा. आपल्याकडे, विशेषतः काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांत, एप्रिल-मेमध्ये भेग रुंदावते आणि पावसाने माती फुगली की पुन्हा मिटू लागते. आलेखावर हे चढ-उतार स्पष्ट दिसतील. शेजारी कधी पत्र्याचे कुंपण पडले, तर त्या दिवशी आलेखावर एक उभी रेघ मारा आणि वाचने आठवड्याऐवजी रोज घ्यायला लागा.